मदत हवी आहे: आईचं बीपी १६८/७२, कॉर्टिसॉल नॉर्मल, मग कशाने?

पारोळेकर: गोळी चालू असूनही बीपी उतरत नाही. म्हातारपणी टेन्शनचं हार्मोन वाढतं म्हणून कॉर्टिसॉल तपासलं. ९.२ आलं, नॉर्मल. लवकर सांगा, उद्या डॉक्टरकडे जायचंय.

तापीकाठ: वय? गोळी कोणती? रक्त किती वाजता दिलं?

पारोळेकर: ७१. बीपीचीच गोळी, पांढरी, छोटी. रक्त दुपारी ४ ला.

तापीकाठ: पांढरी छोटी! अर्धं मेडिकल आलं त्यात, भो. वयानुसार कॉर्टिसॉलचा रात्रीचा तळ, म्हणजे सगळ्यात खालचा आकडा, वर येतो. दुपारच्या नमुन्यात तो दिसत नाही. शिवाय वरच्या-खालच्या आकड्यात ९६ चा फरक, हे मुख्यतः ताठरलेल्या महाधमनीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचं काम. ती ताणत नाही म्हणून वरचा चढतो, परत आकसून रक्त ढकलत नाही म्हणून खालचा पडतो.

सातपुडा७: नॉरॲड्रेनॅलिन विसरलात, रक्तवाहिन्या आवळणारं हार्मोन. वयाबरोबर वाढतं ते. हृदयाचे बीटा रिसेप्टर, म्हणजे त्याचा इशारा झेलणारे, मात्र मंदावतात, म्हणून नाडी फारशी पळत नाही नि रक्तवाहिन्या आवळलेल्या.

तापीकाठ: मान्य. पण ते मोजून कुणी गोळी ठरवत नाही.

शिरपूरची_मावशी: आधी मीठ बघा. उतारवयात ते बीपीला जास्त बाधतं. पापड, लोणचं, शेवभाजी सगळं धरून दिवसाला ५ ग्रॅम.

भुसावळ_लोको: भरताला बामणोदचं वांगं घ्या, निम्म्या मिठात चव लागते.

तापीकाठ: वांगी राहू द्या. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा, ५ मिनिटं पाठ टेकून बसवा, दंड छातीच्या पातळीला. मिनिटाच्या अंतराने २ रीडिंग, सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी. मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा २० ने पडला तर डॉक्टरांना सांगा, नाहीतर गोळी वाढवल्यावर न्हाणीत चक्कर येऊन पडतील.

सातपुडा७: गुडघेदुखीची गोळी?

पारोळेकर: ती रोजच. शिवाय वैदूची पुडी, वर्षभर. त्याचा काय संबंध?

सातपुडा७: हे पहिल्या ओळीत हवं होतं! दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या मीठ-पाणी अडवतात, बीपीच्या गोळीचा जोर मारतात. पुडीत स्टिरॉइड असू शकतं. मग तुमचा कॉर्टिसॉलचा आकडाही भरवशाचा नाही. पण पुडी एकदम तोडू नका, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी स्टिरॉइडने झोपलेल्या असतील तर बीपी कोसळतं. पुडी सोबत न्या, पांढऱ्या गोळीचं पाकीटही.

पारोळेकर: बरं. मशीन मनगटाचं चालेल?

तापीकाठ: दंडाचंच. आधी दंडाचा घेर टेपने मोजा, पट्टा लहान पडला की आकडा फुगतो.