'शिव्हर मी टिंबर्स' म्हणजे नक्की काय?

गोदाकाठचा: पोराला गॅदरिंगमध्ये समुद्री चाच्याचा रोल मिळालाय आणि दिवसभर घरात एका डोळ्याला पट्टी लावून हेच ओरडत फिरतोय. मी त्याला सांगितलं की चाच्याला थंडी वाजतेय, तर बायको हसायला लागली. खरा अर्थ काय?

जुनावाडा: थंडीचा काही संबंध नाही भाऊ 😄 शिव्हरचा जुना अर्थ चिरफळ्या उडणं, आणि टिंबर्स म्हणजे जहाजाच्या सांगाड्याची लाकडं, बरगड्यांसारखी. आमचा पंचवटीतला वाडा पाडला तेव्हा सागवानी तुळई कडाड् करून उभी फाटली होती, छातीत धस्स झालं, तसंच समजा. त्यातला 'मी' म्हणजे इंग्रजी 'माय' (my), माझी, खलाशी तसं बोलायचे.

सोमेश्वरकर: आणि ही मुळात शपथ आहे. १८३४ च्या मॅरियटच्या कादंबरीत एक म्हातारा खलाशी म्हणतो की तुला मारलं तर माझी लाकडं फुटोत, म्हणजे आपलं 'खोटं बोललो तर जीभ झडो' तसंच. हा मॅरियट स्वतः नौदलात कॅप्टन होता बरं. पुढे १८८३ ला 'ट्रेझर आयलंड' ही चाच्यांची कादंबरी पुस्तकरूपात आली, त्यातला चाचा लाँग जॉन सिल्व्हर हे सारखं म्हणतो, तिथून ते चाच्यांनाच चिकटलं.

जुनावाडा: आणि तो 'आर्रर्र' वाला हेल त्याच कादंबरीवरच्या १९५० च्या डिस्नेच्या सिनेमातला, नट रॉबर्ट न्यूटनने आपल्या गावाकडच्या इंग्रजीत सिल्व्हर रंगवला आणि सगळे तेच उचलून बसले.

गोदाकाठचा: भारी! पोराला सांगितलं, तर आता होमवर्क केला का विचारलं की म्हणतो, नसेल केला तर माझी लाकडं फुटोत. वही कोरी आहे.