मदत हवी आहे: घरच्या जुन्या पीसीसाठी स्वस्तातली एसएसडी, बजेट ३,००० (सोलापूर)

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. इथे वाचत असतो, लिहितोय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या.

घरचा डेस्कटॉप २०१४ च्या दिवाळीत जुळवून घेतला होता. आय३ चौथी पिढी, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. घरची मंडळी त्यावर बचत गटाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवते, मी कारखान्याची थोडी कामं घरी आणतो, मुलगी बारावीला आहे, तिची लेक्चर आणि फॉर्म. गेम वगैरे भानगड नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवाली ड्राइव्ह) टाकायचा विचार आहे.

त्रास असा की बटण दाबल्यापासून एक्सेल उघडेपर्यंत साडेनऊ मिनिटं जातात. घड्याळ लावून मोजलंय. परवा मुलीचा फॉर्म भरताना ओटीपी आला, पण पुढचं पान उघडेपर्यंत त्याची मुदत संपली. तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर ती उठली आणि सायबर कॅफेत गेली. घरात कॉम्प्युटर असताना.

नवी पेठेत दोन दुकानं फिरलो. पहिला म्हणतो २५६ जीबी एनव्हीएमई (नव्या प्रकारची, जास्त वेगवान एसएसडी) घ्या, सोबत कार्ड देतो, "गोळीसारखं पळेल". त्यावर कंपनीचं नावच नाही. दुसरा २४० जीबीची साधी सॅटा (हार्ड डिस्कसारखी केबलने जोडायची एसएसडी) दाखवतो, नावाजलेल्या कंपनीची, पण पहिल्यापेक्षा महाग. मेव्हणे म्हणतात सॅटा आता जुनी झाली. कोणती घेऊ? २४० पुरेल की ४८० साठी थांबू? आणि आमची खोली पत्र्याची, मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं तेव्हा आत काय असेल ते समजून घ्या. एसएसडी टिकेल का?

शेंगाचटणी
काय करूलालाव मालक, साडेनऊ मिनिटं! तेवढ्यात मी सात रस्त्यावरून नवी पेठेत जाऊन एसएसडी घेऊन येतो.

कडकभाकरी
मालक, कंपनी नंतर बघू. आधी बोर्डाला काय बसतं ते बघा. एच८१ च्या बोर्डांवर एनव्हीएमईची खाच सहसा नसतेच. दुकानदार जे कार्ड म्हणतोय ते ग्राफिक कार्डाच्या खाचेत बसेल, आत विंडोज सुरू असताना ड्राइव्ह दिसेलही, पण त्यावरून मशीन सुरू होणार नाही, कारण त्या काळच्या बायोसला (बोर्डावरचं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) एनव्हीएमईवरून बूट करणं माहीतच नाही. जुगाड करणारे करतात, बायोस बदलतात. तुम्ही त्यात पडू नका, बोर्ड गेला तर फॉर्म कायमचे सायबर कॅफेत.

तुमच्यासाठी अडीच इंची सॅटा एसएसडी. विषय संपला.

आता दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. साडेनऊ मिनिटं हे नुसत्या म्हातारपणाचं लक्षण वाटत नाही. चौथ्या पिढीचा आय३ हार्ड डिस्कवरही दोन-तीन मिनिटांत उभा राहतो. क्रिस्टल डिस्क इन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका आणि वर हेल्थच्या चौकोनात निळं आहे की पिवळं ते सांगा. ०५ आणि सी५ या ओळींपुढचे आकडेही लिहा.

होटगीरोड
वेगळं मत देतो, राग मानू नका. या मशीनवर पैसे घालूच नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, तुमची चौथी. ऑफिसांतून निघालेले आठव्या पिढीचे जुने डबे मिळतात, तो एक बघून टाका.

टॉवेलवाला
होटगीरोड साहेब, म्हणणं पटतं, पण बजेट ३,००० आहे, त्यावर शून्य वाढवायचं तर मुलीचा प्रवेश होऊन जाऊ द्या.

कडकभाकरी, सांगितल्याप्रमाणे केलं. चौकोन पिवळा आहे, "कॉशन" असं लिहिलंय. ०५ पुढे २एफ८, सी५ पुढे ३०. हे काय प्रकरण आहे?

जाता जाता कॅबिनेटही उघडलं. खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांचे माग आहेत, सुताचे तंतू वर येतात हे माहीत होतं, पण आत एवढे असतील असं वाटलं नव्हतं. प्रोसेसरच्या पंख्यावर पांढरा थर, बोटाने उचलला तर टॉवेलसारखा सलग निघाला. आणि पंखा बंद करून कान लावला तर हार्ड डिस्कमधून दर दहा-बारा सेकंदांनी टक्... टक् असा आवाज. मेव्हणे म्हणाले चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन) चालवून बघ, आज रात्री लावतो.

कडकभाकरी
थांबा!! चेकडिस्क लावू नका. डीफ्रॅग (डिस्कवरच्या फायली सलग लावून घेणं) तर अजिबात नको.

ते आकडे सोळाच्या हिशेबातले असतात. २एफ८ म्हणजे ७६०. एवढे सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे बारके कप्पे) खराब होऊन डिस्कने त्यांच्या जागी राखीवातले वापरलेत. ३० म्हणजे ४८, हे वाचताना अडतायत आणि अजून निकाल लागायचाय. डिस्क एकेका सेक्टरवर अडकून पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, तुमची साडेनऊ मिनिटं तिथे जातात. चेकडिस्कमध्ये पूर्ण तपासणी लावली की ती सगळी डिस्क रात्रभर खरवडणार. मरायला टेकलेल्या माणसाला गड्ड्याच्या जत्रेतून धावायला लावण्यासारखं आहे ते.

आधी कॉपी. बाहेरची डिस्क कुणाकडून तरी मागून आणा. आणि क्रम ठेवा: हिशेबाच्या फायली, मुलीची कागदपत्रं, मग फोटो. सिनेमे शेवटी, किंवा नकोच. एखादा फोल्डर अडला तर तिथे हट्ट करू नका, सोडा, पुढे जा. अडलेल्यांसाठी नंतर पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम) सुरू करून डीडीरेस्क्यू चालवता येतं, ते आधी सोपं सोपं उचलतं आणि अवघड जागा शेवटी घेतं.

एसएसडी दोन दिवस उशिरा आली तरी चालेल.

गड्ड्यातलापाळणा
खरेदीबद्दल चार शब्द, कारण मी स्वतः यात पोळलोय. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून बिननावाची १२८ जीबी घेतली, बिल नको म्हटलं तर दोनशे कमी झाले. पाच महिन्यांत एक दिवस बायोसमध्येच दिसेना. दुकानदार म्हणाला बिल दाखवा. मी म्हटलं तुम्हीच तर... असो. दोनशे वाचवून बाराशे गेले.

तेव्हा बिल घ्याच, बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. आणि ऑनलाइन "२ टीबी फक्त इतक्याला" असलं काही दिसलं तर स्क्रोल करून पुढे जा, असल्या डब्यांत मेमरी कार्ड चिकटवलेलं निघाल्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. कुणाचे पाहुणे हैदराबादला असतील तर सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये भाव काढायला सांगा, पण एका एसएसडीसाठी तिकीट काढून जाण्यात अर्थ नाही. बिघडली तर परत करायला पुन्हा कोण जाणार?

शेंगाचटणी
पण कंपनी कोणती ते सांगा की कुणीतरी. आणि डीरॅमवाली घ्यावी म्हणतात ते काय?

कडकभाकरी
सांगतो, जरा लांबण लागेल.

क्रुशियल बीएक्स५००, किंग्स्टन ए४००, डब्ल्यूडी ग्रीन, या सगळ्या एकाच पंगतीतल्या. तिन्हींत डीरॅम नाही. डीरॅम म्हणजे कुठली माहिती कुठे ठेवलीय याची वही हाताशी ठेवायची जागा. ती नसली की ड्राइव्हला दर वेळी कपाट उघडून वही काढावी लागते. एनव्हीएमईवाले संगणकाची थोडी रॅम उसनी घेतात, सॅटाला ती सोय नाही. सॅमसंग ८७० इव्होला डीरॅम आहे, ५ वर्षं वॉरंटीही आहे, पण ३,००० मध्ये तिचं नाव काढू नका. पन्नास जीबीची फाइल एका दमात टाकली तर बिनडीरॅमची स्वस्त ड्राइव्ह मध्येच दम टाकते, वेग कधी कधी हार्ड डिस्कच्याही खाली जातो. बचत गटाची एक्सेल फाइल किती मोठी असणार? तुम्हाला हा फरक जाणवणार नाही.

जाणवणारा फरक वेगळाच आहे. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांपेक्षा थोडं जास्त. प्रत्येक बारक्या फाइलसाठी टोक मागातल्या धोट्यासारखं इकडून तिकडे जाणार, हवी ती जागा खाली फिरून यायची वाट बघणार, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो बारक्या फायली लागतात. एसएसडीत धोटाच नाही. मिलिसेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात माहिती हातात. म्हणून खोक्यावरच्या ५०० आणि ५५० एमबीच्या आकड्यांवरून भांडायचं कारण नाही.

टिकण्याचं म्हणाल तर बीएक्स५०० आणि ए४०० दोन्हींच्या २४० जीबीला ८० टीबीडब्ल्यू दिलंय, म्हणजे ८० टीबी लिहीपर्यंत कंपनीची हमी, किंवा ३ वर्षं, जे आधी येईल ते. रोज २० जीबी लिहिलं, आणि तुम्ही तेवढं लिहिणार नाही, तरी ४,००० दिवस. जवळपास ११ वर्षं. तोवर बोर्ड राहिला तर मला बोलवा, हार घालायला येतो.

उन्हाचं मनावर घेऊ नका. या ड्राइव्ह ७० अंशांपर्यंत चालायला बनवलेल्या असतात. दुहेरी टेपने मात्र चिकटवू नका, मे महिन्यात डिंक सुटतो. एक स्क्रू मारला तरी बास. उन्हापेक्षा मला मागाच्या लाइनवरच्या वीज झटक्यांची काळजी आहे. लिहिता लिहिता वीज गेली की स्वस्त एसएसडी क्वचित बेशुद्ध पडते. यूपीएस मेला असेल तर त्याची बॅटरी बदला.

बीएक्स५०० आणि ए४०० पैकी बिल आणि वॉरंटीसकट जी मिळेल ती घ्या. २४० पुरेल. बजेट उरलं तर ४८० च्या मागे न लागता जुन्या बाजारातली डीडीआर३ ४ जीबीची एक रॅम टाका. ४ जीबीवर क्रोम उघडला की उरतंच काय?

होटगीरोड यांचंही चूक नाही, पण ही एसएसडी वाया जात नाही. उद्या दुसरा डबा घेतला की काढून त्यात लावता येते.

होटगीरोड
शेवटचं वाक्य मान्य. विंडोज १० ठेवणार असाल तर अपडेटच्या पानावर जाऊन वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा, ऑक्टोबर २०२६ पर्यंत ती मिळतात. नाहीतर लिनक्स मिंट. पण घरच्यांना एक्सेलची सवय असेल तर मिंट टाकून घरात भांडण लावू नका.

टॉवेलवाला
सहा दिवसांनी येतोय, माफ करा.

कारखान्यातून बाहेरची डिस्क आणली, सांगितलेल्या क्रमाने कॉपी केलं. हिशेब आणि कागदपत्रं सगळी आली. २०१६ च्या तुळजापूरच्या फोल्डरवर अडलं. भाच्याने डीडीरेस्क्यू लावलं, रात्रभर चाललं, अकरा फोटो सोडून बाकी मिळाले. त्या अकरांत आईचा पायरीवर बसलेला एक होता. तो बहिणीकडे मोबाइलमध्ये असेल, विचारतो.

एसएसडी दुसऱ्या दुकानातूनच घेतली, २४० जीबी, बिलासकट २,६५०. खोक्यात केबलही नाही आणि स्क्रूही नाहीत, परत जाऊन केबल आणली. जुनी डिस्क काढून ठेवूनच विंडोज टाकलं. विंडोजची प्रॉडक्ट की विचारली नाही, इंटरनेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट झालं.

बटण दाबल्यापासून एक्सेल उघडेपर्यंत ५२ सेकंद. बायको म्हणाली, "हा कुणाचा कॉम्प्युटर आणलास?"

एक शंका. क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये ट्रान्सफर मोडपुढे सॅटा/३०० आणि मग सॅटा/६०० असं दिसतंय. फसवलं का दुकानदाराने?

कडकभाकरी
नाही हो. पहिला आकडा सध्या चाललेला वेग, दुसरा ड्राइव्हला जमणारा. एच८१ ला दोन सॅटा पोर्ट ६ गिगाबिटचे असतात आणि दोन ३ चे. तुमची केबल ३ वाल्यात गेलीय. बोर्डावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, टॉर्च मारून बघा आणि मशीन पूर्ण बंद करून केबल हलवा.

टॉवेलवाला
हलवली. ६००/६०० दिसतंय. एक्सेल ४९ सेकंदांत, म्हणजे तीन सेकंद वाचले :) तंतूही ब्रशने काढले, पंख्याचा आवाज निम्मा झाला. पुढच्या पगाराला रॅम.

गड्ड्यातलापाळणा
अभिनंदन. बिलाचा फोटो काढून ठेवा. गुळगुळीत कागदावरचं बिल असेल तर आपल्या उन्हात अक्षरं उडतात.

टॉवेलवाला
आत्ता काढला. गाडीच्या डिकीतच पडलं होतं.