मुलगा अंधाराला घाबरतो, टीमलॅबला न्यावं का? (आमच्या सोसायटी ग्रुपवरची शनिवार रात्रीची चर्चा)

ए-७०३, रात्री ८.०५
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही तिघं जपानला चाललोय. टोकियोत टीमलॅब नावाच्या जपानी कलाकारांच्या गटाचं, पाण्यातून चालायचं ते प्रकाशचित्रांचं प्रदर्शन आहे ना, त्याची तिकिटं काढावीत का हे ठरत नाहीये. मुलगा सहा वर्षांचा आहे आणि अंधाराला घाबरतो. बी-४०२ च्या काकू गेल्या वर्षी जाऊन आल्यात असं कळलं. काकू, जरा सांगाल का?

सी-२०१, रात्री ८.११
माझं स्पष्ट मत, एवढा खर्च करून तिथे जाऊन बघायचा तर प्रोजेक्टरचाच खेळ ना? आपल्या लालबाग-परळला गणपतीत काय कमी चलत देखावे असतात?

बी-१०४, रात्री ८.१४
मला पण भीतीच वाटते बाई. इथे एका मॉलमध्ये असंच काहीतरी आलं होतं, मुलांना घेऊन गेले. एका भिंतीवर हात लावला की फुलं यायला हवी होती, ती आलीच नाहीत. आणि दर पाच मिनिटांनी 'चला पुढे, चला पुढे'. मुलं हिरमुसून परतली. तिकिटाचे पैसे पाण्यात.

बी-४०२, रात्री ८.३१
जेवणं आटोपली, आता सविस्तर लिहिते.

आधी एक घोळ सोडवते. टोकियोत त्यांच्या दोन जागा आहेत आणि लोक नेहमी एकीच्या नावावर दुसरीचं तिकीट काढतात. पाण्यातलं ते 'प्लॅनेट्स', तोयोसूला. युरिकामोमे लाइनवर शिन-तोयोसू स्टेशनला उतरायचं. 'बॉर्डरलेस' वेगळं. ते २०१८ ला ओदाइबाला सुरू झालं, २०२२ ला बंद झालं आणि फेब्रुवारी २०२४ पासून आझाबुदाई हिल्सला आहे. तुम्हाला हवंय ते प्लॅनेट्स. तिकीट ऑनलाइन, वेळेच्या स्लॉटचं असतं. चांगले स्लॉट लवकर संपतात, दरही दिवसागणिक बदलतो. इथूनच काढून ठेवा.

सी-२०१ भाऊ, तुमच्या मुद्द्याचा मी खरंच विचार केलाय, कारण चलत देखावे बघतच मी मोठी झाले. पण देखाव्यात राक्षसाचा हात ठरलेल्या वेळी वर जातो, समोर कोणी असो वा नसो. फिरून तेच. इथे आधी करून ठेवलेली फिल्म लावलेली नसते. माणसं कुठे आहेत हे सेन्सर टिपतात आणि चित्र त्या क्षणी कॉम्प्युटर काढतो. पाण्याच्या खोलीत गुडघ्यापर्यंत पाणी आहे, दुधासारखं पांढरट दिसतं, त्यावर 'कोई' नावाचे जपानी रंगीत मासे पोहतात. प्रकाशाचेच, पण पायाला घासून जातात असं वाटतं. मासा माणसाला आदळला की त्याचं फूल होतं आणि पाकळ्या पसरतात. फुलं ऋतूप्रमाणे बदलतात. आम्ही उन्हाळ्यात होतो, सूर्यफुलं होती.

माझी नात पहिली पाच मिनिटं माशांच्या मागे धावत होती. तिला म्हटलं, आता नुसती उभी राहा. ती दोन्ही हात पाण्यावर धरून उभी राहिली. एक तांबडा मासा लांबून वळून आला, तिच्या पोटरीला टेकला आणि फुटला. तिने श्वास रोखला होता, तो तेव्हा सोडला. मी तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवली. मुलाचा असा चेहरा वर्गात क्वचित बघायला मिळतो.

ए-७०२, रात्री ८.३४
उद्या टाकी सफाई आहे, सकाळी ९ ते १२ पाणी नाही. भरून ठेवा सगळ्यांनी.
(काकू, तुम्ही लिहा, वाचतोय.)

बी-४०२, रात्री ८.४६
घेतलं भरून.

बॉर्डरलेसमध्येही तसंच. तिथली फुलं तुम्ही थांबलात की जवळ बहरतात, तुडवलीत की गळून जातात. म्हणून माझी एकच विनंती आहे, पहिली दहा मिनिटं मोबाइल खिशात ठेवा. मी बघत होते, लोक खोलीत शिरतात, व्हिडिओ काढतात, निघतात. त्यांच्या पायाशी काही उमलायला वेळच मिळत नाही. खोलीला तुम्ही थांबलेले लागता.

बी-१०४ ताई, तुमचं वाईट वाटलं. इथल्या अशा जागांचं तिकीट काढण्यापूर्वी दोन गोष्टी विचारत जा: आत थांबायला वेळेची मर्यादा आहे का, आणि एका वेळी किती माणसं सोडतात. गर्दीत सेन्सरला कोणाचा हात कुठे हे कळेनासं होतं. आत गेल्यावर एका कोपऱ्यात उभं राहून बघा, तेच चित्र थोड्या वेळाने जसंच्या तसं परत आलं तर ती नुसती फिल्म आहे, तुम्ही असा की नसा. आणि खरं सांगू, मुलांना हात लावून बघायला वरळीचं नेहरू सायन्स सेंटर आहेच. १९८५ पासून. मी दरवर्षी वर्ग घेऊन जायचे. आता मेट्रोचं स्टेशनच आहे तिथे.

बी-१०४, रात्री ८.५०
हो काकू, हे कोणी सांगितलंच नव्हतं. कपडे काय घालायचे तिथे? सासूबाई साडीच नेसतात.

बी-४०२, रात्री ८.५८
साडी नको. दोन कारणं. एक, पाणी गुडघ्यापर्यंत येतं. दुसरं, काही खोल्यांत जमीनच आरशाची आहे. पायजमा किंवा वर दुमडता येईल अशी पँट घाला. चपला, पिशव्या लॉकरमध्ये ठेवून सगळं अनवाणीच फिरायचं. मोजे घालून गेलं तर काढावेच लागतात.

माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. सुरुवातीला एका खोलीत जमीन गादीसारखी मऊ आहे, पाय रुततो, उठायला कठीण. मी तिथल्या मुलीला गुडघा दाखवला, तिने बाजूने नेलं. सांगायला लाजू नका. पाण्याच्या उतारावर मात्र कठडा धरूनच चालले.

मला सगळ्यात आवडली ती ऑर्किडची खोली. १३ हजारांहून जास्त जिवंत ऑर्किड हवेत टांगलेली आहेत. तुम्ही जवळ गेलात की ती वर सरकतात आणि तुमच्यापुरती जागा होते, तुम्ही पुढे गेलात की मागे परत खाली येतात. खरी फुलं, खरा वास. मी खाली बसून राहिले. मुलगा येऊन म्हणाला, 'आई, निघायचं?' मी म्हटलं, थांब रे.

ए-७०३, रात्री ९.०४
काकू, मला आत्ताच जावंसं वाटतंय. पण अंधाराचं काय? आणि त्याला खेळायला काही आहे का, की फक्त बघायचं?

बी-४०२, रात्री ९.१५
खेळायला भरपूर. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी नवा भाग वाढवलाय. उड्या मारायच्या, लोंबकळत चढायचं, कागदावर रंगवलेलं फुलपाखरू स्कॅन केलं की भिंतीवर उडायला लागतं. एका जंगलात आता पृथ्वीवर नसलेले प्राणी फिरतात. मोबाइलच्या ॲपमधून त्यांना पकडायचं, त्यांची माहिती वाचायची आणि परत सोडून द्यायचं. सोडून देणं खेळाचाच भाग आहे, ते मला फार भावलं. मारायचं काहीच नाही.

अंधार मात्र आहे. काही बोळ तर अगदी मिट्ट. त्याला अचानक नेऊ नका. माझ्या वर्गातल्या घाबरणाऱ्या मुलांसोबत मी करायचे ते सांगते. घरात दिवा बंद करा, पण स्विच त्याच्याच हातात द्या. टबात कोमट पाणी घ्या, त्याचे पाय त्यात, टॉर्चवर लाल-निळा जिलेटिन पेपर लावून पाण्यावर प्रकाश हलवा. दोन आरसे समोरासमोर धरून मध्ये टॉर्च लावा, दिव्यांची रांग संपतच नाही. प्लॅनेट्समधल्या दिव्यांच्या खोलीत हेच आहे, फक्त खूप मोठं. तिथे जाईपर्यंत त्याच्या ओळखीचं झालेलं असेल. तरीही रडला तर बाहेर या, हट्ट करू नका.

सी-२०१, रात्री ९.२०
काकू, पटलं. गणपतीच्या मखराला यंदा असं काही करता येईल का? हॉलमधला प्रोजेक्टर पडूनच आहे. मुलांनी काढलेली चित्रं भिंतीवर सोडायची.

बी-४०२, रात्री ९.२३
का नाही! चित्रांचं माझ्याकडे लागलं. हलती करायला ए विंगमधल्या कॉलेजच्या मुलांना विचारा, त्यांना येतं. उद्या संध्याकाळी घरी या, कागदावर मांडू.

ए-७०३, रात्री १०.१२
काकू, केलं. लाल जिलेटिन नव्हता, चॉकलेटचा कागद लावला. दिवा त्याने स्वतः बंद केला, लगेच लावला, मग परत बंद केला. आता पाणी गार झालंय तरी पाय काढत नाहीये. विचारतोय, मासा कधी येणार.
तिकिटं काढतो.