नोकरी सांभाळून रात्रीचा सॉफ्टवेअर धंदा करावा का? माझं मत: करावाच

तापीकाठचा (जळगाव):
राम राम मंडळी. मी पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्रामर आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जळगावला घरी आलो तो आलोच. घरात आई-वडील, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी सात वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. गेल्या वर्षी केळीच्या व्यापाऱ्यांसाठी एक छोटं ॲप बनवलं. शेतात माल कापला की वजन, भाव, घट, उचल टाकायची आणि पट्टी, म्हणजे मालाच्या हिशेबाची चिठ्ठी, तिथेच छापून शेतकऱ्याच्या हातात द्यायची. मळ्यात रेंज नसते, म्हणून सगळं आधी मोबाइलमध्येच साठतं आणि रेंज आली की वर जातं. आम्ही घेतलेल्या थर्मल प्रिंटरला मराठी अक्षरं कळेनात, अख्खी पट्टी चित्र करून पाठवावी लागली. त्या एका गोष्टीत तीन रविवार गेले. आज रावेर-सावदा पट्ट्यातले 11 व्यापारी महिन्याला 600 रुपये देऊन ते वापरतात.

माझं म्हणणं सरळ आहे. नोकरी सोडायची नाही, पण जोडधंदा उभा करायचाच. उद्या कंपनीनं पुण्याला परत बोलावलं तर आई-वडिलांना इथे टाकून जायचं का? इथे केळी आहे, कापूस आहे, डाळ मिल आहेत, सराफ बाजार आहे. या सगळ्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर इथल्याच पोरांनी इथे बसून का करू नये? मुलं झोपल्यावर दहा ते साडेबारा बसतो, रविवारी सकाळी तीन तास. टिश्यूकल्चरची केळी लावली तरी घड हाती यायला अकरा-बारा महिने लागतात, तोवर पाणी द्यावंच लागतं. धंद्याचंही तसंच.

गिरणाकाठची (भडगाव):
दादा, एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये वहिनींची नोकरी आली, त्यांचं मत कुठे आलं नाही.

माझ्या नवऱ्यानं चार वर्षं हेच केलं. तो रात्री जागायचा. सकाळी सहाला उठून डबे, पाणी, शाळेची रिक्षा माझ्याकडे. "मुलं झोपल्यावर" हे शब्द ऐकले की मला आजही राग येतो. मुलं आपोआप झोपत नाहीत, त्यांना कुणीतरी झोपवतं. तुम्ही केळीला पाणी देण्याचं बोललात. ते ठिबक म्हणजे घरातलं माणूस असतं, थेंब थेंब तिथूनच जातो. आमचा धंदा बुडाला नाही, चांगला चालला. पण मुलगा पहिलीतून चौथीत कसा गेला, ते नवऱ्याला आठवत नाही. हे तो स्वतःच बोलून दाखवतो.

जुना हिशेबनीस (सावदा):
भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. मी तीस वर्षं केळीच्या व्यापाऱ्याकडे वह्या लिहिल्या. तुमचं ॲप चांगलंच असेल, पण त्याला फोन उचलणारा माणूस लागतो. केळी कापणाऱ्या मजुरांची टोळी सकाळी लवकर मळ्यात जाते. पट्टी छापली नाही तर टोळी खोळंबते, गाडी खोळंबते, शेतकरी बांधावर उभा राहतो. त्या वेळी तुम्ही कंपनीच्या मीटिंगमध्ये असणार. मग कुणाचा फोन कापणार?

हिशेबही मांडून बघा. 11 गुणिले 600 म्हणजे 6,600. सर्व्हर, एसएमएस वगैरेचे 1,600 गेले असं धरा, उरले 5,000. महिन्याचे तुमचे साठ तास तरी होतात. तासाला 83 रुपये पडले. आणि वैशाखात वादळ येऊन बागा आडव्या झाल्या किंवा भाव कोसळला, की व्यापारी सगळ्यात आधी हे 600 बंद करील.

धुळेकर:
भाऊ, मी तुनासंगे शे. तासाचा हिशेब पहिल्या वर्षाला लावणं मला पटत नाही. प्रिंटरचं काम एकदाच झालं, चाळिसाव्या व्यापाऱ्याला ते पुन्हा करावं लागणार नाही. 40 व्यापारी झाले तर महिन्याला 24,000 येतील.

मला काळजी वेगळीच आहे. नेमणूकपत्र काढून नीट वाच. सप्टेंबर 2022 मध्ये विप्रोनं प्रतिस्पर्धी कंपन्यांचं काम करताना सापडलेल्या 300 जणांना काढल्याचं त्यांच्या अध्यक्षांनी जाहीर सांगितलं होतं. तुझं प्रकरण तसं नाही, पण 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 लक्षात ठेव. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीची पहिली मालकी, उलट करार नसेल तर, कंपनीची असते. तुझं केळीचं ॲप त्यात बसत नसेलही, पण काही करारांत त्याहून रुंद अट लिहिलेली असते. कंपनीच्या लॅपटॉपवर एक ओळही लिहू नको. जमलं तर लेखी परवानगी घे.

जुना हिशेबनीस (सावदा):
धुळेकर, चाळीस व्यापारी म्हणजे चाळीस फोन. प्रोग्राम एकदा लिहून होतो, माणसाशी बोलणं रोजचं असतं.

तापीकाठचा (जळगाव):
हिशेबनीस काका, हे मात्र मला लागलं. मागच्या पंधरवड्यात दोनदा मीटिंग सोडून फोन घेतला, पोस्टमध्ये ते लिहायला हवं होतं. फैजपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला एक मुलगा सकाळचे फोन घ्यायला तयार आहे. त्याला महिन्याला 3,000 दिले तर माझ्या हाती 2,000 उरतील. तरी देणार आहे. लॅपटॉप पहिल्यापासून माझा स्वतःचाच आहे. नेमणूकपत्र आज वाचलं. बाहेरच्या कामाला लेखी परवानगी लागते असं त्यात आहे, ती मागणार आहे. नाही म्हणाले तर काय, ते अजून ठरलेलं नाही. पण मत बदललेलं नाही. मला जळगाव सोडायचं नाही आणि त्यासाठी दुसरा रस्ता दिसत नाही.

ताई, बायकोला हा धागा वाचायला दिला. ती म्हणाली, "ठिबकाचं खरंय. पण बंद करा असं मी म्हणत नाही. कुठल्या रात्री बसणार ते आठवडा सुरू व्हायच्या आधी सांगा. मलाही वह्या तपासायच्या असतात." इतक्या दिवसांत हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मंगळवार आणि शुक्रवार तिचे ठरले.

गिरणाकाठची (भडगाव):
ठरवलंत ते चांगलं केलंत. तरी माझं मत तेच आहे, दोन लहान मुलं असताना हा खेळ नको. आमच्याकडेही वार ठरले होते. पहिला मोठा गिऱ्हाईक आला त्या आठवड्यात मोडले. काल मंगळवार होता. मुलाला कुणी झोपवलं?

तापीकाठचा (जळगाव):
मी. पावणेअकरा वाजले. मध्ये निंभोऱ्याच्या व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला, तो सकाळी लावला.