सिंहगडासाठी ११-३२ कॅसेट की ११-३४? मदत हवी आहे

डोणजेकर
मंडळी, रोड बाईक आहे, वय ६४. पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चेनरिंग, मागे ११ ते २८ दातांची ११ स्पीड कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच). सपाटीला काही तक्रार नाही, पण सिंहगडाच्या घाटात सगळ्यात हलका गियर टाकूनही पेडल जड जातं, गुडघ्यांवर जोर येतो. कॅसेट बदलायची हे नक्की. ११-३२ घेऊ की ११-३४? दुकानदार म्हणतो काहीही बसेल. शनिवारी जायचंय, थेट उत्तर द्या. इलेक्ट्रिक सायकल सुचवू नका.

हवाभरा
थेट उत्तर कसं देणार? मागचा डिरेलर (गियर बदलताना चेन सरकवणारा भाग) कोणता ते लिहिलंच नाही. मॉडेल काय, त्याचा चेन ताणून धरणारा पिंजरा आखूड की लांब? आणि चढावर केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) किती पडतो?

डोणजेकर
शिमानो १०५ आहे. केडन्स ५० च्या आसपास. पिंजऱ्याचं माहीत नाही.

दातेरी
११-३४ च घ्या. ३४-२८ वर (पुढे ३४ दात, मागे २८) ५० च्या केडन्सला ताशी साधारण पावणेआठ किलोमीटरचा वेग मिळतो. तोच वेग ३४-३२ वर ५७ ला आणि ३४-३४ वर ६१ ला मिळेल. म्हणजे पेडलवरचा जोर ३२ ने साडेबारा टक्के कमी होतो, ३४ ने साडेसतरा. गुडघ्यांचा प्रश्न असताना मधल्या पायरीवर थांबू नका.

मंदगती
कॅसेट हा अर्धवट उपाय आहे. क्रँकच (पेडलचे दांडे आणि पुढच्या चेनरिंग) बदला, ४६-३० लावा. ३०-३४ वर जोर २७ टक्क्यांनी उतरतो. ५०-११ वर ९० च्या केडन्सला ताशी ५१ किलोमीटर होतात, ६४ व्या वर्षी तो गियर लागतो कुठे? ४६-११ लासुद्धा ४७ मिळतात.

दातेरी
पुढचं सांगा ना. शिमानोच्या जीआरएक्स मालिकेतल्या ४६-३० ची चेनलाइन (चेन धावते ती रेषा) अडीच मिलिमीटर बाहेर असते, रोडचा पुढचा डिरेलर तिथवर नीट पोचत नाही, तोही जीआरएक्सचा घ्यावा लागतो. शिवाय मोठी चेनरिंग चार दातांनी लहान झाली की डिरेलर सुमारे ८ मिलिमीटर खाली आणावा लागतो. ब्रेझ-ऑन फ्रेमवर (डिरेलरची बैठक फ्रेमलाच जोडलेली असते तिथे) खाच तेवढी खाली जाईलच असं नाही. एका कॅसेटच्या कामाला केवढा पसारा!

मंदगती
पसारा एकदाच होतो. गुडघे रोज लागतात.

गुळाचाचहा
गियरआधी सीटची उंची बघा. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेल्यावर पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, गियर कितीही हलका असो. आणि उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम ब्रेक असतील तर रिम तापते.

डोणजेकर
उतरायचं विचारलं नव्हतं. सीट बरोबर आहे. डिरेलरच्या मागच्या बाजूला आर७००० एसएस असं कोरलंय. आता सांगा.

हवाभरा
मग दुकानदाराचं 'काहीही बसेल' विसरा. एसएस म्हणजे आखूड पिंजरा. त्याची मर्यादा मागे ३० दातांची आणि एकूण क्षमता (पुढच्या आणि मागच्या दातांच्या फरकांची बेरीज) ३५. ५०-३४ मध्ये १६ चा फरक, ११-३४ मध्ये २३ चा, बेरीज ३९. लांब पिंजऱ्याच्या जीएसची क्षमता बरोबर ३९ आहे, त्यामुळे जीएस डिरेलर घ्यावाच लागेल.

सुटाचढ
एसएसवर ३२ चालतो. बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून किती दूर ते ठरवणारा) आत घ्या, डिरेलरचं वरचं पुलीचाक कॅसेटला घासत नसेल तर झालं. डिरेलरचा खर्च वाचेल.

हवाभरा
काही फ्रेमवर चालतो, हँगर (डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमचा तुकडा) किती लांब त्यावर ते आहे. पण बेरीज ३७ होते. ५०-३२ ला पुरेल एवढी चेन ठेवली की ३४-११ ला लोंबते. तिथे कुणी चालवत नाही, मान्य. पण चेन जुन्याच लांबीची ठेवली आणि चुकून ५०-३२ पडला, तर पिंजरा ताणून हँगर वाकतो किंवा तुटतो. अनोळखी मेकॅनिककडून काम करून घेणाऱ्याला हे सुचवू नये.

दातेरी
डोणजेकर, यादी लिहून घ्या: आर७००० जीएस डिरेलर, एचजी७०० किंवा एचजी८०० ची ११-३४ कॅसेट, नवी ११ स्पीड चेन. तुमच्या चाकाचा फ्रीहब (कॅसेट बसते तो भाग) ११ स्पीड रोडचा असेल तर या कॅसेटमागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर (जागा भरणारी चकती) लागतोच. तो राहिला तर लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी कडी) पूर्ण आवळूनही कॅसेट हलते. आवळणी ४० न्यूटन-मीटर.

एक सांगून ठेवतो: हिचे दात ११-१३-१५-१७-१९ असे जातात, १२, १४ आणि १६ नाहीत. सपाटीवर घोळक्यात चालवताना एक गियर जड आणि दुसरा हलका वाटेल. ११-३२ मध्ये १२, १३, १४ सलग मिळतात, मग १६.

डोणजेकर
घोळक्यात मी जात नाही. ३४ च घेतो. चेन जुनीच लांब करून चालेल का?

हवाभरा
नको. झिजलेल्या चेनला नवे तुकडे जोडले की पिच (कड्यांमधलं अंतर) जुळत नाही, नव्या कॅसेटवर चेन उड्या मारते. नवी चेन डिरेलरमधून न घालता मोठ्या चेनरिंगवर आणि ३४ वर गुंडाळा, जिथे टोकं जुळतील तिथून एक इंच जास्त ठेवून कापा. दुकानातून निघण्याआधी सायकल स्टँडवर चढवून ५०-३४ टाकायला लावा. पिंजरा पुढे झुकेल, पण त्यात थोडा वाकायला वाव उरला पाहिजे. नसेल तर चेन आखूड कापलीय, तशी घेऊन निघू नका.

मंदगती
आणि घाटातला केडन्स तरीही ६० खाली राहिला तर ४६-३० आहेच. जीएस डिरेलर आणि हीच कॅसेट तेव्हाही चालेल, बेरीज तीच ३९ राहते.