पेद्रीची मांडी सारखी का जायची? मॅचेस जास्त की अजून काही?

बार्साप्रेमी_पुणे: बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून विचारतो. २०२०-२१ ला बार्सिलोना (बार्सा) आणि स्पेनचा मिडफिल्डर पेद्री क्लब आणि देश धरून ७३ फुटबॉल मॅचेस खेळला, वय काय तर १८! ६ जुलैला वेम्ब्लीवर इटलीशी युरो कपची सेमीफायनल, पूर्ण १२० मिनिटं, आणि १६ दिवसांनी गडी जपानमध्ये ऑलिम्पिकला इजिप्तविरुद्ध मैदानात, मग ७ ऑगस्टला ब्राझीलशी फायनल. सप्टेंबरात मांडी गेली, एप्रिलमध्ये हॅमस्ट्रिंग (मांडीचा मागचा स्नायू), मग दोन वर्षं तेच चालू. मला तेव्हा खरंच वाईट वाटायचं. हे नुसतं मॅचेसमुळेच होतं का?

फिजिओताई: मोठं कारण तेच, पण नुसता आकडा बघू नकोस दादा, दोन मॅचमध्ये गॅप किती मिळाला ते बघ. फुल स्प्रिंटमध्ये पाय पुढे फेकला जातो ना, तेव्हा टाच टेकायच्या जरा आधी मागचा स्नायू ताणलेला असतो आणि त्याच क्षणी त्याला ब्रेक पण मारायचा असतो, बहुतेक वेळा तिथेच फाटतो. मॅचनंतरचा थकवा जायला तीनेक दिवस सहज लागतात, बुधवार-शनिवार खेळवलं तर ते जेमतेम मिळतात आणि त्यातच विमानप्रवास. आणि आधी एकदा फाटलेला स्नायू परत जायची भीती कितीतरी जास्त, म्हणून घाईने उतरवणं सगळ्यात वाईट.

डावा_विंगर: युएफाचा (युरोपची फुटबॉल संघटना) मोठ्या क्लब्सचा अभ्यास आहे, २००१ पासून चालू. त्यात एकूण इंज्युरीजमध्ये हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्क्यांवरून २४ वर गेला २० वर्षांत. आता चॅम्पियन्स लीगला पहिल्या लीग फेरीतच ८ मॅचेस, वर २०२५ पासून उन्हाळ्यात ३२ टीम्सचा क्लब वर्ल्ड कप, खेळाडूंच्या युनियन्स उगीच फिफाविरुद्ध कोर्टात गेल्या नाहीत. मी टर्फवर खेळताना माझी गेली होती, मागून कुणीतरी दगड मारला असं वाटून वळून बघितलं तर कुणीच नाही, सहा आठवडे जिना उतरताना कठडा धरत होतो.

बार्साप्रेमी_पुणे: पण मग २०२४-२५ ला कोच फ्लिकच्या हाताखाली तोच पेद्री बार्साकडून ५९ मॅचेस खेळला, लीगच्या ३८ पैकी ३७! ते कसं?

फिजिओताई: तेच म्हणतेय मी. अंग भरलं, ताकदीचं काम नीट झालं आणि दमलेला दिसला की बाहेर काढलं, पाच सब्स आहेत तर वापरायचे ना. १८ व्या वर्षी त्याला हे कुणी दिलंच नाही, याचा मला अजून राग येतो. तुम्ही टर्फवाले पण नॉर्डिक नावाचा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम करा, गुडघ्यावर बसायचं, कुणालातरी घोटे धरायला सांगायचे आणि पुढे हळूहळू झुकायचं, जितकं सावकाश तितकं चांगलं. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, पाच-पाचचे दोन सेट, मॅचच्या आदल्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी मांड्या भयंकर दुखतात.

डावा_विंगर: ताई, जुनी इंज्युरी असेल तरी चालतं का?

फिजिओताई: पळताना दुखत नसेल तर चालतं, पण आधी कुणाकडून तरी तपासून घे.