३३०आय की आयएस ३००? दोन जुन्या सेडानमध्ये अडकलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मला टर्बो नसलेलं, सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचं इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद देणारी छोटी सेडान हवी आहे. नवीन गाड्यांत हा प्रकार जवळजवळ संपलाच, म्हणून जुनी शोधतोय. तीन महिने शोधून दोन गाड्या उरल्या आहेत. विकणारे दोघंही एकाच भावाला तयार आहेत, त्यामुळे पैशांवरूनही निर्णय होत नाहीये.

पहिली बीएमडब्ल्यू ३३०आय, म्हणजे ई४६ पिढीची. २००४ची, मॅन्युअल, १,९२,००० किमी. आताचे मालक तिसरे, पण गेली नऊ वर्षं गाडी त्यांच्याचकडे आहे आणि माणूस शौकीन. बिलांची फाइल एवढी जाड की मी आधी टॅक्सची फाइल समजलो. दोन वर्षांपूर्वी रेडिएटर, एक्स्पान्शन टँक, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि पाइप असं सगळं कूलिंग एकदम बदललंय. व्हॅनोसचे (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचे) सील बदलल्याचं बिल आहे, क्लचचंही आहे. मागची डावी काच खाली जात नाही. ड्रायव्हर सीटची कड फाटली आहे. अडीच हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल लागतं, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

दुसरी लेक्सस आयएस ३००. २००३ची, ऑटोमॅटिक, फक्त ९६,००० किमी, पहिलाच मालक. गृहस्थ आता वयस्कर आहेत, गाडी तीन वर्षं बहुतेक कव्हरखालीच आहे. आतून अक्षरशः नवी. ते घड्याळासारखं मीटर पाहून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. पहिली आठ वर्षं सर्व्हिसची नोंद व्यवस्थित, त्यानंतर कोरं पान. "काही लागलंच नाही हो," म्हणाले.

दोन्ही चालवल्या. कागदावर दोघी बहिणी वाटतात: एक २९७९ सीसी, दुसरी २९९७, आकड्यांची नुसती अदलाबदल. एकीची २३१ अश्वशक्ती, दुसरीची २१५च्या आसपास. चालवताना मात्र फरक कळतो. ३३०आयचं स्टिअरिंग रस्त्यावरचा प्रत्येक खडा हाताला सांगतं. तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमच्या वर ती जो आवाज काढते तो ऐकून मी गाणी बंद केली. आयएस ३००चं इंजिन लोण्यासारखं, पण ऑटोमॅटिक गिअर विचार करून मग बदलतो. वळणावर ती हट्ट न करता वळते, फक्त तुमच्याशी गप्पा मारत नाही.

कोणती घेऊ? आणि घेण्याआधी काय काय तपासू? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ आभार.

तेलकट_हात

लेक्ससचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) कधी बदललाय? फाइलमध्ये शोधा.

तुमच्या ३३०आयच्या एम५४ इंजिनात चेन असते, आयएस ३००च्या २जेझेड-जीईमध्ये बेल्ट. तो साधारण १,४५,००० किलोमीटरला बदलायचा असतो. मालक म्हणणार, अजून ९६ हजारच झालेत. पण रबर किलोमीटर मोजत नाही, ते वर्षंही मोजतं. वीस वर्षांचा बेल्ट असेल तर मी ती गाडी चालवत घरीसुद्धा आणणार नाही. व्हीव्हीटी-आय (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी टोयोटाची यंत्रणा) असलेल्या या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग बेल्टचा खर्च वाचवायला जाऊन हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, काम निघतं.

बदलाल तेव्हा टेन्शनर, आयडलर, कॅम आणि क्रँकचे सील, वॉटर पंप, सगळं एकदम करा. तिथवर हात पोचलेलाच असतो.

मागचे_चाक

३३०आय लिफ्टवर घेतल्याशिवाय एक पैसा देऊ नका.

ई४६चा मागचा सबफ्रेम (मागच्या चाकांची यंत्रणा धरणारी चौकट) ज्या चार ठिकाणी बॉडीच्या पत्र्याला बोल्टने धरलेला असतो, तिथला पत्रा पातळ आहे. प्रत्येक वेळी क्लच सोडला, अॅक्सिलरेटर दाबला की तो पत्रा थोडा पिळतो. लाखभर किलोमीटर असं पिळून स्पॉट वेल्ड सुटतात, मग चीर जाते. सुरुवातीच्या गाड्यांत जास्त, पण २००४ची म्हणून सुटली असं धरू नका. दुरुस्ती म्हणजे एक्झॉस्ट, डिफरन्शिअल, सबफ्रेम सगळं उतरवून चारही जागी प्लेट वेल्ड करायच्या.

खालून बघताना चारही जागांवर प्रकाश टाका. तेवढ्याच भागावर ताजं अंडरकोट मारलेलं दिसलं तर खरवडून बघण्याची परवानगी मागा. परवानगी नाही मिळाली तरी उत्तर मिळालंच. चालवताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबा-सोडा, मागून 'ठक' ऐकू येतो का बघा.

निवांत

मालक, धाग्यात तुम्ही ३३०आयच्या स्टिअरिंग-आवाजावर दोन वाक्यं लिहिली आणि लेक्ससच्या मीटरवर एक. मन कुठे आहे ते आम्हाला कळलं, तुम्हाला कळायचंय.

ऑटोमॅटिक गिअरची चिडचिड रोज होईल आणि ती कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही. मी असतो तर डोळे झाकून मॅन्युअल.

चिकित्सक

डोळे झाकून अजिबात नको :)

धागाकर्ते, एकच प्रश्न. ही तुमची एकमेव गाडी असणार आहे का? आणि हातात पाना घ्यायची सवय आणि जागा आहे का? या दोन उत्तरांशिवाय इथला कुठलाही सल्ला हवेतलाच.

धागाकर्ता

@चिकित्सक, बरोबर नस पकडलीत. हो, एकमेव गाडी. रोजचं जाऊन-येऊन ६० किमी. झाकलेली जागा नाही, पार्किंग उघड्यावर. पाना म्हणाल तर बॅटरी आणि एअर फिल्टर बदलतो, पुढचं मेकॅनिकवर.

एक कबुलीही देतो. आधीच्या गाडीची हेड माझ्याच आळशीपणाने गेली. पाणी कमी होतंय हे दोन आठवडे दिसत होतं, "रविवारी बघू" म्हणत राहिलो. तो रविवार हायवेच्या कडेला उजाडला.

@निवांत, मन कळलंय हो. म्हणूनच धागा काढला.

तेलकट_हात

ही कबुली महत्त्वाची. ई४६चं टेम्परेचर मीटर प्रामाणिक नाही. पाण्याचं तापमान बऱ्याच मोठ्या पट्ट्यात वर-खाली झालं तरी काटा मधोमध ठेवायचा, अशी त्याची रचनाच आहे. काटा हलला म्हणजे उशीर झालेला असतो. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, तापला की हेड वाकते आणि हेड बोल्टचे आटे ओढले जायची भीती असते. कूलिंग दोन वर्षांपूर्वी झालंय हे उत्तम, पण तिथला प्लास्टिकचा माल कायमचा नसतो. काही वर्षांनी पुन्हा तोच खर्च धरून चाला.

मागचे_चाक

आणखी थोडं. दोन्ही गाड्या थंड इंजिनवर सुरू करा. आधीच फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका, आणि गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी जा.

३३०आयमध्ये डीसा व्हॉल्व्ह (इंजिनात जाणाऱ्या हवेचा मार्ग बदलणारा) काढून बघायला सांगा. इनटेकच्या बाजूला दोन स्क्रूवर असतो, दहा मिनिटांचं काम. आतली प्लास्टिकची झडप सैल झाली असेल तर ती पिन सोडून इंजिनात जाऊ शकते. ऑइल खाण्यामागे बहुतेकदा क्रँककेस ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेचा) व्हॉल्व्ह चोंदलेला असतो. तो स्वस्त असतो, पण जागा अशी की मजुरी रडवते. आणि या गाड्या एअरबॅगच्या टाकाटा रिकॉलमध्ये (सदोष एअरबॅग बदलायला कंपनीने परत बोलावलेल्या) आहेत, चॅसिस नंबर देऊन काम झालंय का विचारा.

लेक्ससमध्ये पुढचे लोअर बॉल जॉइंट हलवून बघा. सैल असेल तर आधी ते, मग बाकी. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. उभ्या गाडीचे टायर दिसायला नवे आणि आतून लाकूड असतात.

धागाकर्ता

अपडेट. शनिवारी दोन्ही गाड्या एकाच लिफ्टवर, एकाच मेकॅनिककडून बघून घेतल्या.

३३०आय: मागच्या सबफ्रेमच्या चारही जागी प्लेट आधीच वेल्ड केलेल्या! काम स्वच्छ, चीर नाही. मालकांनाही माहीत नव्हतं, आधीच्या कुणीतरी करून घेतलं असणार. डीसा ठीक. पुढच्या लोअर आर्मचे बुश संपले. व्हॉल्व्ह कव्हरच्या गास्किटमधून ऑइल एक्झॉस्टवर टपकतं, तो जळका वास मला आधी 'कॅरेक्टर' वाटला होता. रिकॉल झालेलं.

आयएस ३००: टायमिंग बेल्ट मूळचाच. कूलंट चहाच्या रंगाचं, ब्रेक फ्लुइड त्याहून काळं. टायरचा कोड बारा वर्षांपूर्वीचा. एक बॉल जॉइंट सैल. पण सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं, ऑइल कुठेही गळत नाही, खालून गंज नाही.

म्हणजे जिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणार होतो तीच उपाशी निघाली, आणि जिची धास्ती होती ती सांभाळलेली. आता तर अजूनच अडकलो.

निवांत

अडकायचं काय त्यात? प्लेटसकट ३३०आय मिळतेय. ती घेतली नाहीत तर मला मालकांचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा.

चिकित्सक

माझं मत उलट आहे.

लेक्ससवर आहे ती थकबाकी. बेल्ट, पंप, फ्लुइड, टायर, बॉल जॉइंट. आकडा मोठा आहे, पण मोजता येतो, आणि एकदा भरला की पाटी कोरी. ३३०आयवर आहेत ते हप्ते. आज बुश आणि गास्किट, सहा महिन्यांनी ब्रीदर, मग काचेचं रेग्युलेटर, मग एखादा सेन्सर. एकही हप्ता फार मोठा नाही, पण शेवटचा हप्ता कोणता ते कुणी सांगू शकत नाही. ते मालक नऊ वर्षं हप्ते आनंदाने भरत आले, कारण त्यांचा तो छंद आहे. फाइल जाड आहे म्हणजे गाडी चांगली हे अर्धंच खरं. एवढं करावं लागलं, हेही तीच फाइल सांगते.

तुमच्याकडे दुसरी गाडी असती तर मीही निवांतसोबत असतो. पण ज्या माणसाचा रविवार हायवेवर उजाडतो, त्याने हप्त्यांची गाडी घेऊ नये. राग मानू नका.

तेलकट_हात

चिकित्सकांशी सहमत, एक दुरुस्ती. तीन वर्षं उभ्या गाडीची थकबाकी लिफ्टवर पूर्ण दिसत नाही. चालायला लागली की रबराचे सील एकेक करून बोलायला लागतात. म्हणून मोजलेल्या आकड्याच्या वर तिसरा हिस्सा बाजूला ठेवा, आणि बेल्टचा सगळा खर्च भावातून कमी करून घ्या. मूळ बेल्ट आहे हे सिद्ध झालंय, आता त्या गृहस्थांनाही नाही म्हणता येणार नाही.

सुट्या भागांची काळजी करू नका. हीच गाडी जपानमध्ये १९९८ साली टोयोटा अल्टेझा नावाने आली होती, खालचं बरंचसं तिच्याशी जुळतं.

मागचे_चाक

ऑटोमॅटिकचं ऑइलही बदला. सगळं एकदम फ्लश नको, दोनदा थोडं थोडं काढून भरा. गिअर विचार करतो म्हणालात, त्यातला निम्मा विचार जुन्या ऑइलचा असू शकतो.

धागाकर्ता

मंडळी, आयएस ३०० घेतली.

भावात बेल्ट आणि टायर दोन्ही सुटले. आजोबांना बेल्टची गोष्ट सांगितली तर त्यांनाच धक्का बसला, "म्हणजे मी एवढी वर्षं असाच फिरत होतो?" तेलकट_हातांचं ऐकून गाडी चालवत आणली नाही, फ्लॅटबेडवर घातली. शेजारचे समजले घेतल्या घेतल्या बंद पडली.

काल बेल्ट उतरवला. आतल्या बाजूला आडव्या बारीक भेगा होत्या. पंप मात्र कोरडा होता, तरी बदलला. गिअरबॉक्स ऑइल एकदा बदललं, दुसरी फेरी हजार किलोमीटरनंतर. गिअर अजूनही विचार करतो, पण आता थोडक्यात.

३३०आयच्या मालकांना नाही म्हणायला फोन केला तेव्हा, खरं सांगतो, घसा दाटला. @निवांत, नंबर व्यनि केलाय.

एक शेवटचा प्रश्न: सैल बॉल जॉइंट एकाच बाजूचा आहे. दोन्ही बदलू की एकच?

तेलकट_हात

दोन्ही. आणि नंतर अलाइनमेंट.

निवांत

व्यनि मिळाला. उद्या सकाळी जातोय, बॉनेटवर हात ठेवायला.